फोटोअकॉस्टिक मिथेन मापन: नायट्रोजनमधले कॅलिब्रेशन हवेच्या नमुन्यांना का लागू पडत नाही?

प्रश्न – वायुमापन_नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात संशोधन करते. हवेतील मिथेन मोजण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत लेसरवर चालणारी फोटोअकॉस्टिक (शोषलेल्या प्रकाशातून उमटणारा ध्वनी मोजणारी) मांडणी आहे. तिच्यात 1653.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा डीएफबी (एकाच नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश देणारा) डायोड लेसर, सुमारे 100 मिलिमीटर लांबीची, दोन्ही टोकांना उघडी असणारी अनुनाद नळी असलेला स्टीलचा सेल, नळीच्या मध्यावर बसवलेला मायक्रोफोन आणि लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचून मोजणारे उपकरण) एवढे प्रमुख भाग आहेत. लेसरचा विद्युतप्रवाह 825 हर्ट्झने मागेपुढे करतो आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 1650 हर्ट्झवर मायक्रोफोनचा सिग्नल वाचतो. ही 1650 हर्ट्झ, म्हणजे नळी सर्वाधिक घुमते ती अनुनाद वारंवारता आम्ही सेलमध्ये नायट्रोजन असताना, खोलीचे तापमान 24 अंश सेल्सिअस असताना शोधून निश्चित केलेली आहे.

नायट्रोजनमध्ये 100 पीपीएम (दशलक्षांत 100 भाग) मिथेन असलेला सिलिंडर घेऊन, मास फ्लो कंट्रोलरच्या (वायूचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने तो पातळ करत केलेले कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणांवरून सिग्नलची मोजपट्टी ठरवणे) उत्तम सरळ रेषेत येते. मात्र तेवढेच मिथेन नायट्रोजनऐवजी कोरड्या कृत्रिम हवेत मिसळले, तर सिग्नल जवळजवळ निम्म्यावर येतो. भांडेवाडीच्या कचराडेपोजवळून आणि अंबाझरी तलावाच्या काठावरून पिशव्यांत भरून आणलेल्या हवेच्या नमुन्यांबाबत तर आणखी एक कोडे आहे. नमुना ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमधून नेला की आकडा कमी येतो आणि तोच नमुना थेट सेलमध्ये सोडला की जास्त येतो. वाफेचे स्वतःचे शोषण मिथेनच्या रेषेत मिसळत असावे, अशी शंका प्रथम आली होती. परंतु मिथेन अजिबात नसलेला ओलसर नायट्रोजन सेलमधून सोडला असता सिग्नल वाढत नाही, त्यामुळे ती शंका मागे पडली. याशिवाय मे महिन्यात दुपारी वातानुकूलन यंत्रणेची दमछाक होऊन खोली तापू लागली की आकडे आणखी घसरतात.

लेसरची शक्ती सेलच्या पलीकडे पॉवर मीटरने मोजलेली असून ती स्थिर आहे. शोषण तेच, शक्ती तीच, मग सिग्नल वेगळा का, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – ध्वनिलहरी

आपला शेवटचा प्रश्नच उत्तराच्या अगदी जवळ पोहोचलेला आहे. साध्या शोषण वर्णपटात प्रकाश किती कमी झाला हे आपण मोजतो, त्यामुळे शोषण तेच असेल तर उत्तरही तेच येते. फोटोअकॉस्टिक पद्धतीत आपण प्रकाश मोजतच नाही. 1880 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी खंडित केलेल्या सूर्यप्रकाशाने पदार्थातून ध्वनी उमटतो हे दाखवले, तेव्हापासून आजच्या लेसरच्या उपकरणांपर्यंत तत्त्व एकच राहिले आहे: शोषलेली ऊर्जा उष्णतेत रूपांतरित झाली पाहिजे, त्या उष्णतेने वायू प्रसरण पावला पाहिजे आणि त्यातून दाबाची लहर निर्माण झाली पाहिजे. यातील पहिली पायरी किती वेगाने पार पडते, हे भोवतालच्या रेणूंवर अवलंबून असते.

मिथेनचा रेणू 1653.7 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो तेव्हा ती ऊर्जा प्रथम त्याच्या अंतर्गत कंपनांत साठते. इतर रेणूंशी टकरा होत होत ती कंपने शांत होतात आणि ऊर्जा रेणूंच्या गतीत, म्हणजे उष्णतेत उतरते. नायट्रोजनमध्ये ही उतरण आपल्या 1650 हर्ट्झच्या मानाने पुरेशी जलद असते. हवेत मात्र ऑक्सिजन आडवा येतो. ऑक्सिजनच्या रेणूचे कंपन सुमारे 1556 प्रति सेंटिमीटर (वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक) ऊर्जेचे आहे आणि मिथेनच्या वाकण्याच्या कंपनांपैकी एक सुमारे 1533 वर आहे. दोन्ही इतकी जवळ आहेत की टक्कर होताच मिथेनची ऊर्जा सहज ऑक्सिजनकडे जाते. कोरड्या हवेत ऑक्सिजन ती ऊर्जा लवकर सोडत नाही. दरम्यान लेसरचे पुढचे आवर्तन सुरू झालेले असते, त्यामुळे उष्णता उशिरा आणि विखुरलेल्या स्वरूपात बाहेर पडते. सिग्नलची उंची घटते आणि त्याची कला (फेज, म्हणजे लहरीची वेळेतील जागा) मागे सरकते.

पाण्याची वाफ ही कोंडी फोडते. पाण्याचा रेणू ऑक्सिजनची कंपन-ऊर्जा फार जलद काढून घेतो आणि स्वतःही ती तितक्याच जलद उष्णतेत सोडतो. म्हणून सिलिका जेलने नमुना कोरडा केला की आपला सिग्नल पडतो आणि थेट सोडला की वर येतो. वाफ येथे शोषण वाढवत नाही, झालेल्या शोषणाचा ध्वनी होण्याचा मार्ग मोकळा करते. ओलसर नायट्रोजनचा जो प्रयोग आपण केला तो नेमका आणि आवश्यक होता, त्यामुळे मोठा फाटा वगळला गेला.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हाच खेळ नायट्रोजनबरोबर होतो, कारण त्याचे 2349 प्रति सेंटिमीटरचे कंपन नायट्रोजनच्या 2330 च्या कंपनाशी जुळते. उद्या आपण त्याच सेलमध्ये तो वायू मोजायला घ्याल तेव्हा नायट्रोजनमधील सिलिंडर त्याच्यासाठी सर्वांत वाईट पर्याय ठरेल.

माझी सूचना अशी की, कॅलिब्रेशनसाठी मिथेन कृत्रिम हवेतच घ्यावे आणि नमुना व कॅलिब्रेशनचा वायू या दोहोंतील आर्द्रता सारखी ठेवावी. दोन्ही कोरडे करा किंवा दोन्ही ओले करा, परंतु दोन्हींना एकच वागणूक द्या.

प्रतिसाद – सेल_आणि_नळी

वरील स्पष्टीकरण योग्य आहे, परंतु सर्व घट त्याच्याच खात्यावर मांडण्याआधी एक गोष्ट तपासणे भाग आहे. ताईंनी अनुनाद वारंवारता नायट्रोजनमध्ये शोधली आणि हवेच्या नमुन्यांसाठीही तीच ठेवली, असे प्रश्नातून दिसते.

ध्वनीचा वेग वायूच्या सरासरी रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. नायट्रोजनचा रेणुभार 28.01 आणि कोरड्या हवेचा 28.97 आहे, म्हणजे नायट्रोजनमधून हवेत आलो की ध्वनीचा वेग सुमारे 1.7 टक्के कमी होतो. त्याच प्रमाणात 1650 हर्ट्झचा अनुनाद साधारण 1622 वर सरकतो. अशा सेलचा गुणवत्ता गुणांक (अनुनाद किती टोकदार आहे याचे माप) 40 च्या आसपास धरला तर अनुनादाची रुंदी जेमतेम 41 हर्ट्झ भरते. आपण शिखरापासून 28 हर्ट्झ दूर उभे राहून वाचत असाल, तर सिग्नल 60 टक्क्यांवर येतो आणि कला 50 अंशांहून अधिक फिरते. यात ऑक्सिजनच्या कंपनाचा काहीही संबंध नाही. लॉक-इनची कला एकदा बांधून केवळ एक्स घटक (बांधलेल्या कलेशी जुळणारा भाग) वाचत असाल, तर घट याहूनही बरीच मोठी दिसेल.

तापमानाचेही असेच आहे. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. 24 अंशांवरची खोली 34 अंशांवर गेली तर अनुनाद पुन्हा जवळपास 28 हर्ट्झने वर सरकतो. यात एक गंमतीची बाब अशी की हवा भरलेला आपला सेल तापला तर तो 1650 च्या जवळ यायला हवा आणि सिग्नल वाढायला हवा. दुपारी आकडे घसरतात ते नायट्रोजनचे की हवेचे, हे कृपया वेगवेगळे पाहावे. हवेचेही घसरत असतील तर कारण अन्यत्र, बहुधा लेसरच्या तरंगलांबीत आहे. डीएफबी लेसरची तरंगलांबी त्याच्या तापमानाबरोबर अंशाला साधारण 0.1 नॅनोमीटर सरकते आणि मिथेनच्या रेषेची रुंदी त्याहून बरीच कमी आहे. लेसरचे तापमान राखणारा थर्मोइलेक्ट्रिक कूलर उष्णता बाहेर टाकू शकत नसेल, तर तरंगलांबी रेषेवरून सहज निसटते. लेसरचा थोडा भाग मिथेन भरलेल्या संदर्भ सेलमधून नेऊन, तिसऱ्या हार्मोनिकच्या शून्यावर (तिप्पट वारंवारतेचा सिग्नल रेषेच्या मध्यावर शून्य होतो तेथे) तरंगलांबी बांधून ठेवणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

आणखी एक मुद्दा: 1650 हे 50 चे पूर्ण पट आहे, तेही विषम. विजेच्या तारांतून येणारा 50 हर्ट्झचा गुणगुणाट नेमका तेथे सापडतो आणि लॉक-इन त्याला वेगळे काढू शकत नाही. शक्य असल्यास सेलला हीटर व तापमान नियंत्रक लावून तो 40 अंशांवर ठेवावा. मग दमट हवेसाठी अनुनाद 1670 च्या आसपास येईल, खोलीच्या चढउतारापासून सुटका होईल आणि पावसाळ्यात सेलच्या खिडक्यांवर दव धरण्याचा धोकाही उरणार नाही.

प्रश्नकर्ती – वायुमापन_नागपूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे प्रत्येक वायूसाठी वारंवारता सरकवत अनुनादाचा संपूर्ण वक्र काढला. कोरड्या हवेत शिखर खरोखरच 1622 च्या जवळ सापडले आणि त्या शिखरावर वाचले असता सिग्नल नायट्रोजनच्या तुलनेत निम्मा न राहता सुमारे चार पंचमांश आला. उरलेली घट आणि तिच्यासोबत कलेतील फरक मात्र शिखरावरही कायम आहे. हवा ओलसर केल्यावर तो फरकही बहुतांशी नाहीसा होतो. म्हणजे निम्म्या सिग्नलमागे दोन स्वतंत्र कारणे एकत्र आलेली होती.

दुपारची घसरण नायट्रोजन आणि हवा या दोहोंतही आढळली, तेव्हा लेसरचा माउंट तपासला. त्याच्या उष्णतावाहक पट्टीवरून वारा खेळता केल्यावर ती बरीच थांबली. संदर्भ सेलची व्यवस्था आता सुरू करत आहोत.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नमुने कोरडे करावेत की ओले? आणि शून्य वायू (मिथेन नसलेला वायू) सोडल्यावरही जो थोडा सिग्नल राहतो, तो वजा करण्याची योग्य रीत कोणती?

प्रतिसाद – आर्द्रतामापक

कोरडे करू नये, असे माझे ठाम मत आहे. येथे मी वरच्या “दोन्ही कोरडे करा किंवा दोन्ही ओले करा” या सल्ल्याशी असहमत आहे. पोकळीतील प्रकाशाचा ऱ्हास मोजणाऱ्या उपकरणांसाठी नमुना कोरडा करणे योग्यच आहे, कारण त्यांना रेणूंच्या टकरींशी कर्तव्य नसते. आपल्या पद्धतीत मात्र कोरड्या हवेच्या टोकाला सिग्नल वाफेच्या अत्यल्प बदलानेही झपाट्याने बदलतो. सिलिका जेल जुने होत जाते, तिच्यातून निसटणारी वाफ दररोज वेगळी असते आणि तो प्रत्येक बदल मिथेनच्या आकड्यात उतरतो. उलट वाफ पुरेशी असली की वक्र सपाट होतो आणि वाफेतील लहान फरकाने काही बिघडत नाही. ज्या जागी उपकरण कमीत कमी हळवे आहे तेथेच मोजमाप करावे.

नागपूरच्या हवेबद्दल एक सामान्य गैरसमजही येथे दूर करायला हवा. मे महिन्यातली हवा अतिशय कोरडी वाटते आणि सापेक्ष आर्द्रतेच्या दृष्टीने ती असतेही. परंतु 43 अंशांवर 15 टक्के सापेक्ष आर्द्रता म्हणजे सुमारे 13 हेक्टोपास्कल बाष्पदाब, म्हणजेच हवेत साधारण 1.3 टक्के वाफ. जुलैमध्ये 28 अंशांवर 85 टक्के आर्द्रता असेल तर वाफ सुमारे 3.3 टक्के भरते. रेणूंना टकरा मोजायच्या असतात, त्यांना सापेक्ष आर्द्रता कळत नाही. आपल्या नोंदवहीत वाफेचे प्रत्यक्ष प्रमाण लिहावे, केवळ आर्द्रतामापकावरील टक्केवारी लिहून ठेवल्यास उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या नोंदींची तुलनाच करता येणार नाही. खोलीत वाळ्याचा कूलर चालत असेल तर तीच खोली दिवसभरात दोन ऋतू दाखवते, म्हणून पिशवी उघडण्याची आणि नळ्या जोडण्याची कामे कूलरच्या झोतापासून दूर करावीत.

व्यवहारात करायचे ते असे. नमुना आणि कॅलिब्रेशनचा वायू हे दोन्ही, 20 अंशांवर राखलेल्या पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने न्यावेत. त्या तापमानाला संपृक्त बाष्पदाब सुमारे 23.4 हेक्टोपास्कल असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाब 1013 ऐवजी 975 च्या आसपास धरावा लागतो, म्हणजे वाफ सुमारे 2.4 टक्के येते. पावसाळ्यातल्या नमुन्यांत वाफ याहून जास्त असेल तर वरचे पाणी त्याच थंड बाटलीत गळून पडते आणि प्रमाण पुन्हा 2.4 वरच येते. मिथेन पाण्यात फारच कमी विरघळत असल्याने त्याचे नुकसान नगण्य आहे. बाटलीनंतर मात्र जाळी किंवा मोकळी जागा ठेवावी, अन्यथा पाण्याचे तुषार सेलच्या खिडकीपर्यंत जातात. बुडबुड्यांचा आवाजही थेट सेलमध्ये शिरू देऊ नये. मधे एक रिकामी बरणी बफर म्हणून जोडली आणि प्रवाह मिनिटाला 100 मिलिलिटरच्या आत ठेवला की तो बराच शमतो.

कचराडेपोवर अमोनियाही मोजण्याचा विचार असेल तर ही बाटली त्याला चालणार नाही. अमोनिया पाण्यात विरघळून जातो आणि शिवाय स्टीलच्या भिंतींना चिकटतो. त्याच्यासाठी टेफ्लॉनच्या गरम नळ्यांची वेगळी वाट करावी लागेल.

प्रतिसाद – सेल_आणि_नळी

शून्याबद्दल. खिडक्यांनी आणि भिंतींनी शोषलेल्या प्रकाशातूनही ध्वनी निर्माण होतो. दुसऱ्या हार्मोनिकवर वाचल्याने तो पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. त्याला स्वतःची कला असते, म्हणून त्याची वजाबाकी लॉक-इनच्या आर या परिमाणातून (एक्स आणि त्याच्याशी काटकोनातला वाय या घटकांच्या एकत्रित आकारातून) कधीही करू नये. समजा पार्श्वभूमी 20 मायक्रोव्होल्ट आहे, मिथेनचा सिग्नलही 20 आहे आणि दोहोंच्या कलेत 90 अंशांचा फरक आहे. लॉक-इन आर म्हणून सुमारे 28 दाखवेल. त्यातून 20 वजा केले की हातात 8 उरतात आणि आपण मिथेन निम्म्याहून कमी नोंदवतो. एक्स आणि वाय हे दोन्ही घटक स्वतंत्रपणे नोंदवावेत, घटकवार वजा करावेत आणि त्यानंतरच परिमाण काढावे. कमी प्रमाणांवर आर वापरण्यात आणखी एक दोष आहे: तो कधी ऋण होत नाही, त्यामुळे निव्वळ गोंगाटालाही तो धन आकडा देतो.

शून्य वायू म्हणूनही नायट्रोजन घेऊ नये. मिथेनविरहित कृत्रिम हवा त्याच पाण्याच्या बाटलीतून, त्याच प्रवाहाने न्यावी, म्हणजे पार्श्वभूमी त्याच अनुनादावर आणि त्याच कलेत मोजली जाईल. भांडेवाडीच्या नमुन्यांत कार्बन डायऑक्साइड बराच असू शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या दर एक टक्क्यामागे अनुनाद साधारण पाच हर्ट्झ खाली येतो, म्हणून अशा नमुन्यांसाठी अनुनादाचा वक्र प्रत्येक पिशवीमागे काढावा.

प्रतिसाद – ध्वनिलहरी

आर्द्रतामापक यांचा आक्षेप मला मान्य आहे. कोरडे करण्याचा पर्याय मी केवळ सारखेपणाच्या दृष्टीने मांडला होता, परंतु वक्राच्या उताराचा विचार करता ओलसर बाजूच सुरक्षित आहे.

ताईंनी लेसरच्या माउंटला हात लावल्याचे वाचले म्हणून एक काळजीची सूचना करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात स्थितिक विद्युतभार अंगावर फार साठतो आणि डायोड लेसरला त्याचा एक झटका पुरतो. लेसर हाताळताना मनगटाला भूसंपर्काचा पट्टा असल्याशिवाय काम करू नये आणि डायोडची टोके मोकळी असताना ती एकमेकांना जोडून ठेवावीत. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे प्रकाश नेणारा तंतू (फायबर) सुटा झाला तरी कळत नाही. जोडणी बदलण्यापूर्वी लेसरचा प्रवाह बंद करण्याचा नियम विद्यार्थ्यांकडूनही काटेकोरपणे पाळून घ्यावा.

प्रतिसाद – आर्द्रतामापक

एक छोटी दुरुस्ती राहून गेली होती. निकाल लिहिताना मिथेनचे प्रमाण कोरड्या हवेच्या हिशेबाने द्यावे. सेलमध्ये 2.4 टक्के जागा वाफेने घेतलेली असते, म्हणून ओल्या वायूत मिळालेला आकडा 0.976 ने भागावा लागतो. कॅलिब्रेशनचा वायू त्याच बाटलीतून गेला असेल आणि सिलिंडरवरील कोरडा आकडाच आपण वापरला असेल, तर ही दुरुस्ती कॅलिब्रेशनमध्येच होऊन गेलेली असते आणि ती पुन्हा करू नये. शहराबाहेरील स्वच्छ हवेतील मिथेन आज सुमारे 1.9 पीपीएम आहे. भांडेवाडीच्या पिशव्यांआधी तशी एक पिशवी भरून आणून मोजावी. आकडा त्याच्या आसपास आला, तर कॅलिब्रेशन आणि शून्य या दोहोंची एकत्रित तपासणी झाली असे समजून पुढील नमुन्यांकडे वळता येईल.